मदत हवी आहे: सुरुंगाच्या धक्क्याचा हवेतला दाब सुईनं नोंदवायचा आहे

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळ आमच्या शेतापलीकडं दगडाची खाण आहे. सुरुंग उडाला की घराची तावदानं थरथरतात. खाणवाले म्हणतात, नुसता आवाज आहे. जमिनीतला हादरा सोडा, हवेतून येणारा दाब किती, एवढंच मला मोजायचंय. तयार यंत्रं मिळतात, पण आयुष्य लेथवर गेलंय, तेव्हा ही हौस समजा.

१९५०च्या दशकात नेवाडातल्या अणुचाचण्यांत अमेरिकेनं यांत्रिक नोंदयंत्रं लावली होती. वळ्या पाडलेल्या पातळ पडद्यांची डबी, तिला सुई, आणि फिरत्या धातुलेपित काचेवर ओरखडा. मी जुन्या बॅरोमीटरची डबी घेतली, रेकॉर्ड प्लेयरची मोटर ३३च्या वेगावर ठेवली आणि काचेवर काजळी धरली. सुई मध्यापासून ४ सेंमीवर आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १४ सेंमी काच सरकते.

अडचण अशी, की तिथले दाब प्रचंड. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सनं घरांसाठी सुचवलेली मर्यादा १३४ डेसिबल, म्हणजे १०० पास्कल, पाण्याचा जेमतेम १० मिमी स्तंभ! डबी हलेचना, म्हणून लांब दांडा जोडला. आता रेघ मोठी येते, पण धक्क्यानंतर लाटाच लाटा. या सुरुंगाच्या की माझ्या दांड्याच्या? (जमलं तर पुढच्या गड्डा जत्रेत दारूकामाजवळही लावून बघणार आहे.)

प्रतिसाद:
काका, यंत्र पत्र्याच्या पिंपात ठेवा, तोंडाला पॉलिथिन ताणून बांधा. पाण्याची यू-नळी जोडून सायकलच्या पंपानं हळूच १० मिमी दाब आणा आणि काच फिरती ठेवून पॉलिथिन सुरीनं फाडा. दाब एकदम उतरतो. त्यापुढं उमटतील ते हेलकावे यंत्राचे. दाबाचं मोजमापही याच पिंपात ठरवून घ्या.

दांडा मात्र काढाच. वजन वाढलं की सुई मंदावते. मोठ्या व्यासाचा पातळ पडदा बसवा, ओरखडा बारीकच येऊ द्या, आणि कॉलेजातल्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली (मोजपट्टीवर सरकणारा सूक्ष्मदर्शक) वाचा. पडद्यामागची हवा कोंडली तर आपल्याकडच्या उन्हात सुई भलतीकडं जाईल, तेव्हा मागं अगदी बारीक गळती ठेवा. शॉ आणि डाइन्स या इंग्रज हवामानतज्ज्ञांच्या १९०३च्या मायक्रोबॅरोग्राफमध्ये, म्हणजे हवेच्या दाबातले बारीक चढउतार नोंदणाऱ्या यंत्रात, हीच युक्ती होती. सायबेरियातल्या १९०८च्या तुंगुस्का स्फोटाची लाट इंग्लंडमध्ये तसल्याच यंत्रांवर उमटली.

आणि सगळ्याच लाटा यंत्राच्या म्हणून सोडून देऊ नका. खाणीत सुरुंगाची सगळी भोकं एकदम उडवत नाहीत, काही मिलिसेकंदांच्या डिलेनं उडवतात, त्यामुळं खरा दाबही तुकड्यातुकड्यानं येतो. डिले किती आणि भोकं किती, ते आधी विचारून घ्या.