मदत हवी आहे: सेल्स टॅक्सवाढीच्या विरोधात ३०० शब्द लिहायचे आहेत

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या एका लहान शहरात राहतो. आमच्या सिटी कौन्सिलने सेल्स टॅक्स अर्धा टक्का वाढवायचा प्रस्ताव नोव्हेंबरच्या मतदानाला ठेवलाय. मतदारांना घरपोच येणाऱ्या पुस्तिकेत विरोधाची बाजू ३०० शब्दांत छापता येते. ती लिहायचं मी अंगावर घेतलं आणि गाडं तिथेच अडलंय.

रस्त्यांना, अग्निशमन दलाला पैसा लागतो, हे मला मान्य आहे. पण आधीच्या पैशांचा हिशोब न देता पुन्हा हात पुढे करणं पटत नाही. काही वर्षांपूर्वी 'रस्ते आणि सुरक्षा' म्हणून असाच अर्धा टक्का मागितला, तेव्हा मीही 'हो'वर खूण केली होती. आता तीन शनिवार बजेटच्या पीडीएफ चाळतोय. कर किती जमला ते लगेच सापडतं. पुढे रक्कम जनरल फंडात, म्हणजे शहराच्या सर्वसाधारण खात्यात, मिसळते आणि रस्त्यांवर त्यातली किती गेली याचा पत्ता लागत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्ड्याभोवती दुरुस्तीसाठी पांढरी चौकट आखली होती. ती पुसत आली, खड्डा तसाच आहे.

यात बेकायदा काही नाही, हेच जास्त लागतं. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ प्रमाणे (राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेला नियम) कौन्सिलने ठरावीक कामासाठी कर मागितला तर दोन तृतीयांश मतं लागतात, कशावरही खर्च करता येणाऱ्या सर्वसाधारण कराला साधं बहुमत पुरतं. म्हणून मागायचा सर्वसाधारण कर आणि पत्रकांवर छापायचे खड्डे. किराण्यावर हा कर नाही, पण मुलांचे बूट, टायर, वॉशिंग मशीन यांवर आहे. ३०,००० डॉलरच्या गाडीवर १५० डॉलर जादा, आणि गाडी शेजारच्या गावातून आणली तरी सुटका नाही. कर नोंदणीच्या पत्त्यावरून लागतो.

अडचणी अशा: शहराच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा खर्च फार वाढलाय, पण समोरच्या घरात फायरफायटर राहतात. त्यांचा अपमान न होता हे कसं लिहू? बायकोचं अजून ग्रीन कार्ड आहे, या मजकुराखाली तिची सही चालेल का? आणि या कराबद्दल शहराच्या खर्चाने येणाऱ्या गुळगुळीत पत्रकांचं काय करायचं?

प्रतिसाद

आमच्याकडे मागे असाच प्रस्ताव आला होता, त्या अनुभवावरून सांगते. वहिनींची सही चालणार नाही. व्यक्ती म्हणून सही करायची तर तिथला मतदारच हवा, आणि जास्तीत जास्त पाच सह्या छापतात. पण कौन्सिलच्या सभेत त्या नक्की बोलू शकतात. ब्राऊन ॲक्टखाली (खुल्या सभांचा राज्याचा कायदा) तो हक्क कुणालाही आहे, नागरिकत्व लागत नाही.

पत्रकं जपून ठेवा. सरकारी पैशाने माहिती देता येते, प्रचार करता येत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितलंय.

पेन्शनबद्दल लिहिताना माणसांना मध्ये आणूच नका. मागच्या वर्षांची पेन्शनची थकीत देणी फेडायला शहर दरवर्षी किती भरतं, ती रक्कम शोधा आणि नव्या करातून अपेक्षित रकमेशेजारी मांडा. विशेषण एकही नको.

सगळ्यात आधी पब्लिक रेकॉर्ड्सचा, म्हणजे सरकारी कागद मागण्याचा, अर्ज टाका: जुन्या करातून रस्त्यांवर वर्षागणिक किती खर्च झाला? कागद देणार की नाही, हे त्यांना साधारण १० दिवसांत कळवावं लागतं. मजकूर द्यायची शेवटची तारीख कधी आहे तुमची?

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. अजून तीन आठवडे आहेत. अर्ज आज रात्रीच टाकतो. मसुदा इथे टाकला तर नजर फिरवाल का?