पॉम्पेईच्या रस्त्यात मधोमध ते मोठाले दगड कशासाठी?

अनु_सोलापूर:
मागच्या महिन्यात इटलीला जाणं झालं, एक दिवस मोकळा मिळाला तो पॉम्पेईत, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या जुन्या रोमन गावात घालवला. गाईड इतक्या घाईत होती की निम्मं डोक्यावरूनच गेलं. रस्त्यात फूटपाथच्या उंचीचे दगड रोवलेत, कुठे एक, कुठे तीन. ती म्हणाली "झेब्रा क्रॉसिंग" आणि निघाली पुढे. पण रस्ता ओलांडायला दगड कशाला, सरळ उतरून का नाही जायचं? आणि मग गाड्या कशा जायच्या?

जुनी_वीट:
बरोबरच सांगितलं तिने, फक्त कारण राहिलं. कारण पाणी. कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी हौद बघितले असतील ना, असे ४० च्या आसपास सापडलेत, आणि त्यांना पाणी बंद करायची तोटी नव्हती, पाणी दिवसरात्र पडत राहायचं, हौद भरला की काठावरून थेट रस्त्यावर. जमिनीखालची गटारं गावात फार थोड्या ठिकाणी होती, त्यामुळे पावसाचं पाणी, सांडपाणी, जनावरांचं शेण सगळं रस्त्यावरूनच उताराने वाहायचं. म्हणून फूटपाथ एवढे उंच आणि म्हणून ते दगड, पाय न भिजवता पलीकडे जायला. गाडीची चाकं दगडांच्या मधल्या फटीतून जायची, तिथल्या फरशीवर चाकोऱ्या पडल्यात बघा, काही ठिकाणी चांगल्या खोल.

नळवाला:
मी प्लंबिंगमध्येच आहे त्यामुळे मला तिथे सगळ्यात भारी वाटले ते पाण्याचे मनोरे. पाणी गावाच्या सगळ्यात उंच जागी, गावाच्या वेशीवरच्या व्हेसुव्हियस दरवाजापाशी यायचं, तिथून खाली सोडलं तर प्रेशर इतकं वाढणार की पाईपचे सांधे फुटणार. मग त्यांनी मधेमधे मनोरे बांधले, वर शिशाची टाकी, पाणी आधी टाकीत चढवायचं आणि तिथून हौदाला नाहीतर घरांना, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर प्रेशर तुटतं. आजही उंच बिल्डिंगमध्ये आम्ही मधे टाकी देतो ती ह्याच कारणाने.

गृहिणी_ठाणे:
पण शिशाचे पाईप म्हणजे विषच की, लोक आजारी नाही पडायचे?

नळवाला:
शिसं वाईटच ताई, त्यात दुमत नाही. पण पाणी पाईपात साचून राहायचं नाही आणि त्यात चुना भरपूर, त्याचा थर आतून बसायचा, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा कमी उतरायचं.

जुनी_वीट:
एक मात्र लक्षात ठेवा, पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये गाडलं गेलं, ते मध्यम गाव, त्यावरून रोम शहर ठरवू नका. रोममध्ये माणसं दाटीवाटीने मजल्यांवर मजले चढवलेल्या इमारतींत राहायची, पडझड आणि आगी इतक्या की सम्राट ऑगस्टसने उंचीवर ७० रोमन फुटांची मर्यादा घातली, म्हणजे साधारण २१ मीटर. वरच्या मजल्यांवर पाणी चढायचं नाही, ते भरून न्यायला लागायचं. म्हणून पैसेवाला खाली आणि गरीब वर, आजच्या अगदी उलटं. तशा इमारती बघायच्या तर ओस्तियाला, रोमच्या जुन्या बंदराच्या गावी जा, रोमहून लोकलने जाता येतं.

अनु_सोलापूर:
खूप खूप आभार सगळ्यांचे! आत्ता माझे फोटो झूम करून बघितले. एका हौदावर नळाच्या शेजारी काठाचा दगड खोलगट झिजलाय, गुळगुळीत. पाणी प्यायला वाकताना माणसं तिथेच हात टेकवत असणार. तिथे उभी होते तेव्हा दिसलंच नाही.