‘९० टक्के प्रवेश’ या आकड्याबद्दल

अमेरिकेतलं कॉलेज निवडताना ‘आमच्या ९० टक्के प्री-मेड मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो’ हा आकडा बघावा, असा सल्ला दिला जातो. (प्री-मेड म्हणजे पुढे मेडिकलला जायचं म्हणून पदवीच्या काळात त्याची तयारी करणारी मुलं.) मला तो फसवा वाटतो. त्यात फक्त अर्ज केलेले मोजतात, ऑरगॅनिक केमिस्ट्रीसारख्या अवघड विषयात आधीच गळालेले नाही. शिवाय काही कॉलेजं जीपीए (ग्रेडची सरासरी) कमी असला तर मेडिकलच्या अर्जासाठी लागणारं कॉलेजच्या कमिटीचं शिफारसपत्रच देत नाहीत. मग बरेच जण अर्जाचा विचारच सोडतात. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा स्पष्ट विचारा: पहिल्या वर्षी प्री-मेड किती होते, अर्ज किती जणांनी केला, पत्र मागेल त्याला मिळतं का?

केमिस्ट्रीला शिकवणीची सोय कशी आहे, हेही बघाच. कारण ग्रेड कमी आली म्हणून विषय पुन्हा घेतला आणि कॉलेजने जुनी ग्रेड पुसली, तरी मेडिकलच्या अर्जात ‘एएमसीएएस’ (मेडिकलचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) दोन्ही ग्रेड धरतं.