केंद्राचा परवाना असताना महापालिकेला वेगळं पत्र कशाला?

प्रश्न: जुळे सोलापुरात साधारण 800 मीटर ओएफसी (ऑप्टिकल फायबर केबल) टाकायची आहे. कंपनीला केंद्राचा परवाना आहे, महापालिकेचं उत्तर मुदतीत आलं नाही म्हणून परवानगी मिळाली असं धरलंय. खोदाईआधी झोन कार्यालयाला पुन्हा कळवावं लागतं का? कंपनीवाले नको म्हणतात.

मुरूम_डांबर: कळवाच. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या दूरसंचार मार्गाधिकार (राइट ऑफ वे, म्हणजे केबल टाकायला जागा वापरायचा हक्क) नियमांत 67 दिवसांत निर्णय नाही आला तर परवानगी गृहीत धरतात, हे खरं. पण अशा वेळी झोनच्या इंजिनिअरकडे कागदच नसतो, मग तो पहिल्याच दिवशी जेसीबी थांबवतो. त्याचंही चूक नाही.

पत्रात कुठून कुठपर्यंत, रस्त्याची कुठली बाजू, चर किती रुंद नि खोल, उघडी खोदाई की एचडीडी (रस्ता न फोडता जमिनीखालून आडवं ड्रिलिंग), त्यासाठीचे खड्डे म्हणजे पिट किती, काम दिवसा की रात्री, बॅरिकेड कुठे, सुपरवायझरचा मोबाईल, सगळं लिहा. सोबत नकाशा आणि पोर्टलवरच्या अर्जाची प्रत. आवक शिक्का मारलेली प्रत साइटवर ठेवा, ऑफिसच्या फायलीत नाही. तारीख पुढे गेली तर नवं पत्र. भांडणं बहुतेक इथंच होतात.

व्हॉल्व्हमन: एक प्रत पाणीपुरवठा विभागालाही द्या. ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर खोदाई नोंदवायचीच, पण ज्यांनी आपल्या लाइनी तिथं नोंदवल्यात त्यांनाच ते कळतं. जुन्या जलवाहिन्या त्यात सापडतीलच असं नाही. त्यात आपल्याकडे पाणी रोज येत नाही. रिकाम्या लाइनला एचडीडीचा रॉड लागला तर कुणाला पत्ता लागत नाही. पाळीच्या दिवशी रस्त्यावर पाणी येतं, तोवर पिट बुजवून टोळी पुढच्या गल्लीत. म्हणून प्रत्येक क्रॉसिंगला आधी लाइन बघायला हाताने ट्रायल पिट (चाचणी खड्डा) घ्या आणि त्या भागाची पाळी झाल्यावरच पिट बुजवा.

प्रश्नकर्ता: वीजवाल्यांना हीच भानगड असते का?

मुरूम_डांबर: कायदा वेगळा. वीज कायदा 2003, कलम 67. रस्ता फोडायचा अधिकार परवानाधारकाला आहे, पण नुकसान कमीत कमी करायचं आणि झालेल्याची भरपाई द्यायची. नोटीस कशी नि किती आधी, ते नियमांवर सोडलंय.

व्हॉल्व्हमन: अजून एक. जुन्या गावठाणात काम निघालं तर गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वजांचा (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचा) मार्ग बघून तारीख टाका की ओ. तिथं उघडा चर तर नकोच, लोंबकळणारी केबलही नको.