मदत हवी आहे : स्विचवरचा लूप पकडायचा कसा, आणि पोर्ट परत चालू कधी करायचा?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजचं नेटवर्क मी बघतो. पॅकिंग हॉलमध्ये टेबलाखाली ८ पोर्टचा (केबल खोचायच्या जागांचा) साधा स्विच, म्हणजे यंत्रं नेटवर्कला जोडायची पेटी, आहे. मोकळी लोंबणारी केबल दिसली की कुणीतरी ती त्याच स्विचमध्ये खोचतं आणि लूप होतो, म्हणजे डेटा तिथेच गोल गोल फिरत राहतो. क्षणात सगळे दिवे एकदम फडफडायला लागतात, वजनकाट्याचं बिलिंग ठप्प. बोटी लागायच्या वेळेलाच हे झालं की बर्फातली मासळी तशीच खोळंबते, फार जीव तुटतो.

मुख्य स्विच सिस्कोचा, एसटीपी (लूप टाळायची पद्धत) चालू. बीपीडीयू (एसटीपीचे स्विचमधले संदेश) पोर्टवर आला की तो पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड लावल्यापासून तेवढाच पोर्ट एरर-डिसेबल (आपोआप बंद) होतो, बाकीचं नेटवर्क वाचतं. उत्तम सोय आहे. पण काही साधे स्विच बीपीडीयू पुढे सोडतच नाहीत, मग गार्डला लूप कळणार कसा? तिथे स्टॉर्म कंट्रोल (मर्यादेपलीकडची रहदारी अडवणारी सोय) पुरतो का? ब्रॉडकास्टची (सगळ्यांना एकदम जाणाऱ्या डेटाची) मर्यादा किती टक्के ठेवता?

दुसरं, ऑटो रिकव्हरीची (बंद पोर्ट आपोआप परत चालू होण्याची) मुदत मुळात ३०० सेकंद असते. केबल तशीच राहिली तर पोर्ट उघडतो आणि लगेच पुन्हा बंद. रात्रपाळीला आयटीचं कुणी नसतं, त्यामुळे रिकव्हरी बंद ठेवणं परवडत नाही. मुदत वाढवू का? चालू सेटिंग असेल तर कृपया इथेच टाका.