साउंड कार्डाचा सॅम्पल रेट कायम ४८००० वर ठेवावा का?

खर्जषड्ज (धागाकर्ता)
सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले किंवा वाजवले जातात तो आकडा; त्याचा ठेका कार्डातलं घड्याळ देतं. साउंड कार्ड एका वेळी एकाच घड्याळावर चालतं. ४४.१ किलोहर्ट्झच्या (४४१००) कुळासाठी, म्हणजे तो रेट आणि त्याच्या पटींसाठी, बहुधा २२.५७९२ मेगाहर्ट्झचं घड्याळ वापरतात, ४८ च्या कुळासाठी २४.५७६ चं. म्युझिक प्लेअरला ४४१०० हवं आणि व्हिडिओ कॉलला ४८०००, तर दोघांपैकी एकाचा आवाज रूपांतरित करावाच लागतो. म्हणून माझं मत: अनेक प्रोग्राम आवाज वापरत असतील तर ४८००० ठरवून टाका.

विंडोजवर जुन्या साउंड पॅनेलमध्ये डिव्हाइसच्या प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड टॅब. २४ बिट, ४८००० निवडा आणि एक्सक्लुझिव्ह मोडच्या (एकाच प्रोग्रामला अख्खं कार्ड देण्याच्या) दोन्ही टिकखुणा काढा. हे प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग अशा दोन्हीकडे करा. माइक ४४१०० वर राहून गेला की दोन्हीकडे एकच रेट धरून चालणारे रेकॉर्डिंग प्रोग्राम सुरूच होत नाहीत.

शुद्धस्वर
असहमत. सीडीवरचं सगळं संगीत ४४१०० मध्ये आहे. त्याचं ४८००० करताना दर १४७ नमुन्यांचे १६० होतात, म्हणजे बहुतेक नमुने नव्याने मोजून काढलेले. मूळ आवाज अगदी वरच्या पातळीला टेकलेला असेल तर नव्या नमुन्यांपैकी काही त्या पातळीच्याही वर जातात. विंडोजच्या शेअर्ड मोडमध्ये (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र मिसळतो तेव्हा) पुढे लिमिटर बसलेला आहे, तो त्यांना दाबतो. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये फाइलमधला बिट न् बिट कार्डापर्यंत जातो. बाकीचे प्रोग्राम तेवढा वेळ मुके होतात हे खरं, पण गाणं ऐकताना नोटिफिकेशनची टिंगटिंग हवीय कुणाला?

खर्जषड्ज
त्यावर उपाय आहे. प्लेअरमध्येच आवाज ३ डेसिबल उतरवा, बहुतेक फाइलींना तेवढी मोकळीक पुरते. राहिला रूपांतराचा दर्जा, तर तो तपासून बघता येतो. २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर ४४१०० च्या फाइलमधून वाजवा, लूपबॅकने (बाहेर जाणारा आवाजच परत आत घेऊन) ४८००० वर रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वारंवारतांचं चित्र) पाहा. मुख्य रेषेच्या उलट दिशेने उतरणाऱ्या पुसट रेषा दिसल्या तर रूपांतर निकृष्ट आहे. लिनक्सवर पल्सऑडिओ ही आवाजाची यंत्रणा असेल तर रिसॅम्पल-मेथड (रूपांतराची पद्धत) बदलून 'सॉक्सर-व्हीएचक्यू' करा, थोडा सीपीयू जास्त जाईल इतकंच.

मंद्रसप्तक
रेकॉर्डिंगचा विचार दोघांनीही केला नाही. टिकखुणा काढल्या तरी रेकॉर्डिंग प्रोग्रामांचा एसिओ ड्रायव्हर विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून जातो. ४४१०० चा प्रोजेक्ट उघडला की इंटरफेसचं (रेकॉर्डिंगच्या साउंड कार्डाचं) घड्याळच बदलतं आणि मग ड्रायव्हर कसा आहे त्यावर ब्राउझर गप्प होतो किंवा चुकीच्या वेगाने वाजतो. तेव्हा आधी इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रेट लॉक करायची सोय आहे का ते पाहा.

४४१०० ची फाइल रूपांतर न होता ४८००० वर वाजली तर तासाभराची फाइल ५५ मिनिटं साडेसात सेकंदांत संपते आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वर चढते. अशा बिघडलेल्या रेकॉर्डिंगला रिसॅम्पल करू नका, त्याने चूक पक्की होते. नमुने बरोबर असतात, लेबल, म्हणजे फाइलीत लिहिलेला रेट, चुकलेलं असतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये ट्रॅकच्या मेन्यूतून फक्त रेट बदला.

पाइपवाला
लिनक्सवर मधला मार्ग आहे. पाइपवायर (तिथली आवाजाची यंत्रणा) मुळात ४८००० वर चालतं. 'डिफॉल्ट.क्लॉक.अलाउड-रेट्स' मध्ये ४४१०० आणि ४८००० दोन्ही लिहिले की गाण्यानुसार रेट बदलतो. मात्र कार्ड रिकामं असेल तरच! ब्राउझरच्या एखाद्या टॅबने प्रवाह धरून ठेवला असेल तर रेट जागचा हलत नाही. 'पीडब्ल्यू-टॉप' चालवा, कोण अडून बसलंय ते लगेच दिसतं.

शुद्धस्वर
तरीही सगळीकडे ४८००० लिहून भांडण मिटत नाही. यूएसबी माइक आणि साउंड कार्ड, दोघांवर ४८००० असलं तरी क्रिस्टल वेगळे. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक म्हणजे तासाला ०.१८ सेकंद. ओठ आणि शब्द वेगळे पडलेले स्पष्ट कळतात. मॅकवर अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस (दोन्ही उपकरणं जोडून एक) करून, ज्याचं घड्याळ मुख्य नाही त्याच्यापुढे 'ड्रिफ्ट करेक्शन' (घड्याळांमधली तफावत भरून काढणारी सोय) लावा.

खर्जषड्ज
ड्रिफ्टचा मुद्दा मान्य. पण ड्रिफ्ट करेक्शन म्हणजे सतत, किंचित बदलत्या प्रमाणात केलेलं रिसॅम्पलिंगच. दोन घड्याळं आली की बिट न् बिट शुद्धतेचा आग्रह तुम्हालाही सोडावा लागतो. मग एका घड्याळावरच्या नेमक्या १६०:१४७ ला एवढा विरोध का?