मदत हवी आहे: तलावाचं पाणी आम्लधर्मी झालंय, चुना किती टाकू?

शेंडेवाळ
पाण्याचा पीएच 5 आलाय. मोठे मासे अधूनमधून दिसतात, पिल्लं अजिबात नाहीत. वरच्या उतारावरचे स्प्रूस (सुईसारख्या पानांची झाडं) शेंड्याकडून विरळ होताहेत. आम्लपावसाचाच प्रकार आहे, त्याबद्दल शंका नको. फक्त चुना कोणता आणि किती ते सांगा. बर्फ वितळायच्या आत टाकायचाय. घाई आहे, व्याख्यान नको.

मोजपट्टी
तलाव केवढा? सरासरी खोली? खडक कुठला? पाणी नितळ की काळ्या चहासारखं? आणि पीएच मोजला कशाने? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

चुनाभट्टी
विरवलेला चुना टाका. दोन दिवसांत पीएच 7 च्या वर. भुकटी विरघळत बसायची वाट कोण बघतो?

गाळगोटा
@चुनाभट्टी, 7 वर थांबणार कोण? क्षार कमी असलेल्या पाण्यात विरवलेला चुना थोडा जास्त झाला की पीएच सरळ 10 च्या पुढे. उरलेले मासेही जातील. चुनखडीची भुकटीच हवी. पीएच वाढेल तशी ती विरघळायची मंदावते, त्यामुळे मात्रा थोडी चुकली तरी निभावतं.

शेंडेवाळ
तलाव 2 हेक्टरचा. खडक ग्रॅनाइट. पीएच कागदी पट्टीने घेतला. पाणी एकदम नितळ आहे, तळ दिसतो. म्हणजे पाणी तसं चांगलंच आहे ना?

मोजपट्टी
पट्टीचा आकडा सोडून द्या. इतक्या मऊ पाण्यात पट्टीचा रंगच नमुन्याचा पीएच हलवतो. मीटर घ्या, 7 आणि 4 च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या, इलेक्ट्रोड नमुन्याच्याच पाण्याने दोनतीनदा विसळा. ढवळणं थांबवून आकडा वाचा. तो सावकाश सरकत राहतो, पाच मिनिटं लागली तरी थांबा.

मग बादलीभर पाण्यात मत्स्यपेटीचा हवापंप वीस मिनिटं चालवून पुन्हा मोजा. पीएच चांगला अर्धा-एक अंकाने चढला तर दोष झऱ्यातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, चुन्याची गरजच नाही. जागचा हलला नाही तर खरं आम्ल आहे. विद्युतवाहकताही बघा. पावसाने आम्ल झालेल्या ग्रॅनाइटी तलावात ती दोन आकडी असते (मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर). शेकड्यांत गेली आणि काठावर गंजासारखा थर असेल तर वर कुठेतरी पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) उघडा पडलाय, तो निराळा आजार.

सरासरी खोली?

गाळगोटा
नितळ म्हणजे चांगलं नव्हे. आम्ल वाढलं की पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय रंग कमी होतो, ऊन तळापर्यंत पोचतं, आणि तळावर तंतूंचं शेवाळ आणि स्फॅग्नम (दलदलीतलं मॉस) माजतं. काठीने तळ उकरून बघा. भिजलेल्या लोकरीसारखा हिरवा गोळा काठीला गुंडाळून वर आला तर ओळखा.

पिल्लं नाहीत तेही याच्याशी जुळतं. पीएच 5 ला बहुतेक माशांची अंडी फुटतच नाहीत. मोठ्यांना छळतं ते मातीतून सुटलेलं ॲल्युमिनियम. ते कल्ल्यांवर बसतं, बुळबुळीत स्राव दाटतो, श्वास अडतो आणि रक्तातलं मीठ गळून जातं.

खडूफळा
थोडी भर. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधल्या लेक 223 मध्ये 1976 पासून मुद्दाम सल्फ्युरिक आम्ल सोडून पीएच 6.8 वरून हळूहळू 5 वर आणला होता. ट्राउट आम्लाने मेले नाहीत, उपासमारीने वाळले. त्यांचं खाद्य असलेले बारके मासे आणि मायसिस झिंगे 6 च्या जरा खालीच संपले होते. तेव्हा 'मोठे मासे दिसतात' यावर जाऊ नका, ते सडपातळ झालेत का ते सांगा.

नुसताच_वाचक
संगमरवरी मूर्तीवर आम्लपावसाने जिप्समचा पापुद्रा येतो, तो पाण्याने धुवावा का?

खडूफळा
@नुसताच_वाचक, वेगळा धागा काढा. घासू मात्र नका.

चुनाभट्टी
झाडांचं काय मग? त्यांच्या बुंध्याशीही चुनाच लागणार.

पानगळ
आधी सुया जवळून बघा. हिवाळा सरताना फक्त गेल्या मोसमातल्या, म्हणजे टोकाच्या सुया तांबूस झाल्या असतील तर थंडीची इजा. आम्ल धुकं सुयांतलं कॅल्शियम धुऊन नेतं आणि थंडी सोसायची ताकद घटते. उंचावरच्या लाल स्प्रूसमध्ये हे नेहमीचं. जुन्या सुया पिवळ्या आणि टोकाच्या हिरव्या असतील तर मॅग्नेशियम कमी पडतंय, तिथे नुसत्या कॅल्शियमचा उपयोग नाही, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) लागेल. सालीला भोकं आणि भुसा असेल तर कीड. आम्लाने कमजोर झालेलं झाड ती आधी गाठते.

मातीतलं कॅल्शियम परत यायला फार वेळ लागतो. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूकमध्ये 1999 ला एका पाणलोटात वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, पसरलं, ते मुद्दाम हळू विरघळणारं म्हणूनच.

शेंडेवाळ
मीटर मिळाला. आधी 5.1, हवा दिल्यावर 5.2. वाहकता 21. लोकरीचा गोळा निघाला. आता तरी आकडा द्या!

मोजपट्टी
घ्या. लिटरमागे 100 मायक्रोइक्विव्हॅलंट अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) वाढवायला घनमीटरला 5 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागतं. 2 हेक्टर आणि समजा 3 मीटर खोली म्हणजे 60,000 घनमीटर, म्हणून 300 किलो. हे सगळं विरघळलं तर. पिठासारखी बारीक भुकटी घ्या. भरड कण तळाशी बसतात, त्यांच्यावर लोह-ॲल्युमिनियमचा लेप चढतो आणि ते निकामी होतात. सगळा माल एका काठाला ओतू नका, भुकटी पाण्यात कालवून होडीतून फवारा.

आणि बर्फाच्या ओढ्याचं तोंड सांभाळा. आम्ल पाणी चुना घातलेल्या पाण्यात मिसळतं तिथे ॲल्युमिनियम गुठळ्या धरतं आणि काही तास कल्ल्यांना आणखी घातक ठरतं. भुकटी टाकण्याआधी अल्कलिनिटी ग्रान टायट्रेशनने (थोडंथोडं आम्ल घालत मीटरच्या आकड्यांवरून काढायची पद्धत) काढून घ्या, रंग बदलणाऱ्या सूचकाचा थेंब इतक्या कमी आकड्याला फसवतो.

गाळगोटा
तलावातलं पाणी किती महिन्यांत बदलतं? चार महिन्यांत बदलत असेल तर हा चुना वर्षभरही टिकणार नाही. मग वरच्या दलदलीत टाकावा लागेल.

शेंडेवाळ
ते माहीत नाही. खोली उद्या दोरीला दगड बांधून मोजतो.

मोजपट्टी
मधोमध एकदाच टाकून परत येऊ नका. आडव्या-उभ्या रेषांवर निदान पंचवीस जागी मोजा आणि सरासरी इथे लिहा. ओढा बाहेर पडतो तिथली रुंदी, खोली आणि वेगही.